सन्मानपत्रातल्या चार ओळी

४ जुलै

ताई,

आधी खाली बस, मग पुढचं वाच. उभ्यानं वाचायची बातमी नाही ही.

यंदाचा कर्तव्यनिष्ठ नागरिक सन्मान तुला जाहीर झालाय. हो, तुलाच. फोनवर सांगितलं असतं तर तू "काय? कोणाचं लग्न?" म्हणाली असतीस, आणि मी ओरडून ओरडून सांगितलं असतं तर खालच्या छापखान्यातली माणसं वर धावत आली असती. म्हणून पत्र.

तुला माहीतच आहे, आपलं नागरिक मंडळ दरवर्षी एकाच माणसाला हा सन्मान देतं. पैसेवाल्याला नाही, पुढाऱ्याला नाही. आपलं काम इमानानं करणाऱ्याला. गेल्या वर्षी पोस्टमन होता. त्याच्या आधी पाण्याच्या टाकीवरचा माणूस. मी मंडळाचा चिटणीस झाल्यापासून दर बैठकीत तुझं नाव घेत आलोय, आणि दर वेळी सगळे एकदम छताकडे बघायला लागायचे, जणू पंखा आजच बसवलाय. यंदा मात्र एकमतानं ठराव झाला. एकही हात खाली नव्हता.

आता "मला कशाला" असलं काही लिहू नकोस. तुझ्या वाटणीचं आहे ते, उशिरा का होईना मिळतंय. समारंभ पुढच्या महिन्यात. येण्याजाण्याचं सगळं मी बघतो.

तुझा,
बारक्या

*

११ जुलै

बारक्या,

(तुझा वजनकाटा काहीही म्हणो, माझ्यासाठी तू बारक्याच.)

तू सांगितलंस म्हणून खाली बसून वाचलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. वाचून झाल्यावर उठताच येईना. लेक आत आली तर मी रडतेय आणि गॅसवर दूध उतू गेलंय. ती घाबरली. मी पत्र तिच्या हातात दिलं. आता ती जावयाला, जावई शेजाऱ्यांना, असं करत सगळी इमारत मला जिन्यात थांबवून अभिनंदन करते. मला अर्धं ऐकू येत नाही, मी सगळ्यांना "हो हो" म्हणते.

खरं सांगू? मला वाटलं होतं, गावानं मला पुसून टाकलं. दोष देत नाही कोणाला. हॉस्पिटल गावाचा अभिमान होता, आणि मी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. पण त्या सकाळी मी दुसरं काय करणार होते, तूच सांग. उपकरणं वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन दाब धरत नव्हतं. उपकरणं निर्जंतुक झाली की पुडक्यांवरच्या पट्टीचा रंग बदलतो, तो बदलतच नव्हता. बाहेर मोतीबिंदूची माणसं ओळीनं बसलेली. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, आज थांबू या." ते म्हणाले, "सिस्टर, एवढ्या लोकांना परत पाठवू? तुम्ही तुमचं काम करा." मी ट्रे लावायला नकार दिला. त्यांनी नवीन आलेल्या मुलीला उभं केलं. पुढे पट्ट्या सोडल्या तेव्हा कोणाच्या डोळ्यात काय निघालं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

चौकशी झाली, मी सगळं सांगितलं, मग ती चौकशीही कुठल्या तरी कपाटात गेली. माझी बदली झाली. हॉस्पिटलनं तुझ्या छापखान्याचं काम काढून घेतलं. तू मला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलला नाहीस. ते मी मनात जपून ठेवलंय, बारक्या. सख्खा भाऊ कसा असावा, असं कोणी विचारलं तर मी तुझंच नाव सांगते.

एकच मागणं आहे. त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या लोकांना आमंत्रण दे. टेलरमास्तरांना तर नक्कीच. त्यांचा एक डोळा गेला, तरी साक्षीच्या दिवशी माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन दारात उभे होते. मी दोन शब्द बोलेन म्हणते. भाषण नाही, नुसती त्या सगळ्यांची नावं घेईन.

ताई

*

१९ जुलै

ताई,

आमंत्रणं गेली. टेलरमास्तरांना मी स्वतः दुकानात जाऊन देऊन आलो. बायकोला घेऊन येतो म्हणाले, पहिल्या रांगेत बसवणार आहे.

आता बोलण्याबद्दल. मंडळानं यंदापासून सत्काराला उत्तर ठेवलेलं नाही. पोस्टमननं गेल्या वर्षी इतकं लांबवलं की मागचे लोक खुर्च्या घेऊन घरी निघाले होते. आणि तुझा गळा भरून येतो, मला माहीत आहे. तू नुसती उभी राहा, तेवढं पुरे.

दुसरं, कानातलं मशीन घालू नकोस. माईकजवळ ते शिट्टी मारतं. मागे मामांच्या वाढदिवसाला काय झालं आठवतंय ना? सगळे स्वयंपाकघरात कुकर बघायला धावले होते. सन्मानपत्र वाचून झालं की मी तुझ्या कोपराला हात लावीन, मग पुढे हो.

तिसरं, आणि हे शांतपणे वाच. सन्मान मोठ्या डॉक्टरांच्या हस्ते आहे. ते आता हॉस्पिटलचे विश्वस्त आहेत, मंडळाचे अध्यक्षही. तुझ्या नावाला त्यांनीच पहिला होकार दिला. माणूस बदलतो, ताई. त्यांनी हात पुढे केलाय, तू मागे घेऊ नकोस. माझ्यासाठी तरी.

बारक्या

*

५ ऑगस्ट

बारक्या,

काल सुखरूप पोचले. अजून टाळ्या कानात आहेत. बाकी काही ऐकू आलं नाही, पण टाळ्या ऐकू आल्या.

तुझी सगळी धावपळ बघत होते मी. पडद्याची दोरी अडकली तेव्हा तू स्टुलावर चढलास आणि स्टूल तुला पेलेना, तेव्हा हसू आवरलं नाही. मोठे डॉक्टर किती थकलेत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मनात म्हटलं, एवढं अवघड काम केलं या माणसानं, सगळ्यांसमोर माझा हात धरला म्हणजे चूक कबूलच केली की. इतकी वर्षं छातीत काहीतरी आवळून बसलं होतं, ते सुटलं.

सन्मानपत्र वाचणारी मुलगी गोड होती. तिचे ओठ हलत होते तसतशी मी लोकांकडे बघत होते. जुन्या वॉर्डातल्या आया दिसल्या, औषधवाले दिसले. सगळ्यांकडे बघून हसत होते, वेड्यासारखी.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. वाचन चालू असतानाच टेलरमास्तर उठले. बायकोचा हात धरला आणि सरळ बाहेर गेले. मी मंचावरून हात केला, त्यांनी बघितलं, पण थांबले नाहीत. बरं नव्हतं का त्यांना? दुसरा डोळाही अधू झालाय म्हणत होतास. जरा जाऊन चौकशी कर आणि मला कळव. मी दोन लोकरी मोजे विणलेत त्यांच्यासाठी, ते द्यायचे राहूनच गेले.

सन्मानपत्राची चौकट अजून कागदात गुंडाळलेलीच आहे. जावई रविवारी खिळा ठोकणार आहेत.

तुला काय देऊ रे मी? तू माझं तोंड वर केलंस.

ताई

*

१२ ऑगस्ट

ताई,

घाईत लिहितोय, निवडणुकीची पत्रकं छापायला आली आहेत.

टेलरमास्तर ठीक आहेत. वय झालं, चिडचिड होते माणसाची. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि त्यांना पत्रबित्र लिहू नकोस, उगीच कशाला.

चौकट भिंतीवर लावू नका अजून. छपाईत शाई फुटली आहे एके ठिकाणी, मला बघवत नाही. तशीच गुंडाळलेली परत पाठव, मी नवीन करून देतो.

बारक्या

*

२० ऑगस्ट

तुझं पत्र आलं तेव्हा खिळा ठोकून झाला होता.

शाई कुठेही फुटलेली नाही. तुझी छपाई नेहमीच स्वच्छ असते. मी चष्मा लावला आणि शाई कुठे फुटली ते बघायला म्हणून वाचायला लागले. खालून चार ओळी. तुला पाठ असतील, तरी लिहिते:

"निर्जंतुकीकरण यंत्रातील बिघाड लक्षात येताच आदरणीय डॉक्टरांनी तत्काळ शस्त्रक्रिया थांबवल्या. त्यांच्या आदेशाचे सिस्टरांनी निष्ठेने पालन केले. काही रुग्णांना पुढे झालेला त्रास हा घरी घेतलेल्या अपुऱ्या काळजीचा परिणाम होता. सिस्टरांनी हे सत्य जाणून संस्थेवरील निष्ठा अढळ ठेवली."

हे वाचलं जात होतं आणि मी हसत होते. टेलरमास्तरांकडे बघून हसत होते.

लेक म्हणाली, "आई, मामाला माहीत नसेल, मंडळानं परस्पर लिहून दिलं असेल." मी तिला म्हटलं, तुझ्या मामाच्या हाताखालून स्वल्पविराम चुकून जात नाही. तरी तिचं खरं असावं, असं मला वाटतंय. तेवढीच एक जागा उरली आहे उभं राहायला.

म्हणून विचारते. हे कोणी लिहिलं? आणि कानातलं मशीन काढायला मला का सांगितलंस?

मी दुसरं काही विचारत नाही.

*

२ सप्टेंबर

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

मीच लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी मुद्दे दिले, वाक्यं माझी. मशीनचं कारण तू ओळखलंच आहेस.

पण माझं ऐकून घे. इतकी वर्षं तुझं नाव ठरावात येत नव्हतं. यंदा ते मला म्हणाले, "तुमच्या ताईंचा सन्मान करू, पण जुनी जखम बंद होईल असं काहीतरी लिहा." मला वाटलं, चार ओळी. मी जन्मभर छापतोय, मला माहीत आहे लोक काय वाचतात. नाव वाचतात, फोटो बघतात, जेवायला जातात. तुला मंचावर बघायचं होतं मला. आईला किती वाटायचं, तुला कोणीतरी चांगलं म्हणावं. चार ओळींच्या बदल्यात ते मिळत होतं.

आणि आता निघालंच आहे तर हेही वाच. मी तुला कधी एका शब्दानं बोललो नाही, असं तू लिहिलंस. बोललो नाही, पण सोसलं. तू साक्ष दिलीस आणि बदली घेऊन निघून गेलीस. मी इथे राहिलो. दुकानात, बँकेत, पोराच्या शाळेत, "त्या सिस्टरचा भाऊ". लोक मला बघून बोलणं थांबवायचे. खरं तू बोललीस, त्याची शिक्षा मी भोगली, आणि तू मला सख्ख्या भावाचा दाखला म्हणून मिरवतेस. मी थकलो होतो, ताई. गावात साधा माणूस म्हणून राहायचं होतं मला.

हॉस्पिटलची चौकशी पुन्हा उघडली आहे, हे तुला कळेलच, आणि मग तू विचारशील, ती उघडणार हे मला समारंभाआधी माहीत होतं का. तू विचारायच्या आधीच सांगतो. माहीत होतं. पण ते सन्मानपत्र आणि तुझा फोटो त्यांचा वकील पुढे करेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात कळलं. आईशपथ.

तुला साक्षीला बोलावतील. येऊ नकोस. तब्येतीचं कारण दे. तू आलीस तर आपण दोघंही उघडे पडू.

बारक्या

*

६ ऑक्टोबर

बारक्या,

तू लिहिलंस त्यातली एक गोष्ट खरी आहे. मी गेले आणि तू राहिलास. तुझ्यावर काय गुजरलं हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या गप्प राहण्याचा मी मला बरा वाटेल तो अर्थ लावला. तेवढं माझ्याकडे लागतं. तू त्याच वेळी भांडायला हवं होतंस माझ्याशी. चार शिव्या घालायच्या होत्यास. मी ऐकून घेतल्या असत्या.

मी साक्षीला आले होते, हे तू बघितलंसच. पण आदल्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

गाडीतून उतरले आणि पाय सवयीनं छापखान्याच्या गल्लीकडे वळले. तिथून मागे फिरले. थेट टेलरमास्तरांच्या दुकानात गेले. ते पायजम्याला नाडीची पट्टी घालत होते, कापड डोळ्याला लावून. मला बघितलं आणि मशीन चालूच ठेवलं. बस म्हणाले नाहीत. मी उभी राहिले. पट्टी संपल्यावर म्हणाले, "सिस्टर, शिव्या द्यायच्या म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती. आता आठवत नाहीत."

मी म्हटलं, "मला त्या दिवशी एक अक्षर ऐकू आलं नव्हतं."

त्यांनी पायजमा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझ्यावर आळ घेतला, ते मी गिळलं असतं. पण डोळ्यात थेंब माझी बायको घालायची. घरची अपुरी काळजी, असं त्या पोरीनं वाचलं आणि ही माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवसापासून रोज विचारते, अहो, माझे हात धुतलेले नव्हते का हो? मी सांगतो, धुतलेले होते. तिला पटत नाही. ती माझ्या ताटाला हात लावायला घाबरते."

बारक्या, मी आत गेले. ती माउली भाजी निवडत बसली होती, आणि हातांचं कातडं सोललेलं, इतके घासलेले. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, तुमच्या हातांत काही नव्हतं, मी होते तिथे, ते आमच्या ट्रेमध्ये होतं. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले.

तू म्हणालास लोक नाव वाचतात, फोटो बघतात, जेवायला जातात. एक बाई ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तू शेवटच्या बाकावर होतास. वकिलानं फोटो दाखवला. "यात हसताय त्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो. "मजकूर मान्य नव्हता तर हसत का होता?" ऐकू येत नव्हतं म्हटल्यावर मागे कोणीतरी खिदळलं. "ऐकू यायचं यंत्र का घातलं नव्हतं?" मी म्हटलं, भावानं काढायला सांगितलं. "भावानं असं का सांगावं?" मी म्हटलं, मजकूर त्यानंच लिहिला होता म्हणून.

खोलीत सगळे मागे वळले. तू खाली बघितलंस. मी हे तुला दुखवायला बोलले नाही, आणि वाचवायलाही नाही. विचारलं, तेवढं खरं सांगितलं. पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा मला नोकरी जायची भीती होती. या वेळचं त्याहून कठीण होतं. त्या वेळी समोर परका माणूस होता.

तू मला सरळ विचारलं असतंस, ताई, सन्मान मिळतोय पण खोटं लिहावं लागेल, घेशील का? मी नाही म्हटलं असतं, आणि आपण दोघं हसलो असतो. ते तू केलं नाहीस, कारण माझं उत्तर तुला माहीत होतं. मला ओळखत होतास म्हणून मला फसवता आलं तुला. याचं काय करू ते कळत नाही.

पत्राला उत्तर नको.

ताई

*

१४ जानेवारी

ताई,

उत्तर नको म्हणाली होतीस, म्हणून एवढे दिवस थांबलो.

निकाल तू वाचला असशील. दोष हॉस्पिटलवर ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी विश्वस्तपद सोडलं. निकालाचा कागद टेलरमास्तर बायकोला वाचून दाखवत होते म्हणे, दुकानाच्या दारात, मोठ्यानं. मंडळाची बैठक झालेली नाही, होईलसं वाटत नाही. लोक माझ्याशी वाईट वागत नाहीत. कामापुरतं बोलतात. आता मी त्या सिस्टरचा भाऊ नाही, "तो मजकूरवाला" झालोय. बायको जेवायला वाढते आणि आत निघून जाते. ती म्हणाली, ताईंना पत्र लिहा, आणि सरळ लिहा.

तर सरळ लिहितो. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, पित्ताशय काढावं लागणार. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. मला फार भीती वाटते. लहानपणी टाके घालताना तू माझं डोकं धरून बसली होतीस. या वेळीही जवळ असावीस, असं वाटतं. हक्क उरलेला नाही, तरी वाटतं.

ऑपरेशन इथे नाही. तिकडे शहरात करतोय. गावातल्या हॉस्पिटलात नको वाटलं.

बारक्या

*

२१ जानेवारी

बारक्या,

तुझं शेवटचं वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. गावातल्या हॉस्पिटलात नको वाटलं. का नको वाटलं, हे मला सांगू नकोस. टेलरमास्तरांच्या दुकानात जा, त्यांच्या बायकोसमोर उभा राहा आणि तिला सांग. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचा अधिकार आहे. तारखेच्या आधी जा.

मी येईन. आदल्या दिवशी रात्रीपासून पोटात काही घेऊ नकोस, पाणीसुद्धा विचारून घे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांग. जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेव. भूल उतरताना थंडी वाजते, घाबरू नकोस, पांघरूण मी आणते.

तू शुद्धीवर येईपर्यंत मी खाटेजवळ बसेन. नाडी बघेन, ओठ ओले करीन, जखम बघेन, तुझ्या बायकोला पट्टी बदलायला शिकवीन. हे सगळं मी कोणासाठीही केलं असतं, आणि तुझ्यासाठी नीट करीन.

पण हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे खाटेवर पडल्या पडल्या तुझा गैरसमज नको. येणार ती सिस्टर. ताई कधी येईल, ते मला अजून माहीत नाही.